आईच्या हवेची पेटी

टॉर्व्हिक, मिनेसोटा
११ ऑगस्ट १९९६

प्रिय मार्लिस,

फोन न करता लिहितोय, कारण फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि बाबा दिवसभर त्याच्याच खाली बसलेले असतात. आपण कुजबुजलो तरी त्यांना ऐकू जातं. जेवायला हाक मारली की मात्र जात नाही.

परवा ते काठी टेकत गॅरेजात आले आणि म्हणाले, "इम्पाला गाडीतली ती एसीची पेटी काढ. नुसता हीटर बसव."

"पूर्ण पेटी काढू?"

"अर्धी निघते का?"

तुला आठवत असेल, बॉनेट उघडलं की एका अंगाला, इंजिन आणि आपली बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला चिकटलेली ती काळी अवजड पेटी. एसी आणि हीटर दोन्ही तिच्यातच. थंड करणारा वायू कधीच उडून गेलाय, आणि हीटरची ऊबही आता मध्येच कुठेतरी अडते. एसी नसलेल्या, त्याच सालच्या एका गाडीचा हीटर बाबांनी भंगारवाल्याकडून आधीच मागवून ठेवला होता. बुटांच्या खोक्यापेक्षा जरासा मोठा.

माझी अडचण हीटरची नाही. ऑक्टोबरात याच गाडीतून बाबांना तुझ्याकडे आणायचं, कायमचं, असं मी तरी धरून चाललो होतो. लरेडोच्या उन्हात जायच्या गाडीतून कुणी एसी काढतं का? म्हणजे ते येणार नाहीत असं सांगतायत? सरळ विचारलं तर म्हणाले, "काच धुरकटते."

मी एकच बोल्ट काढून थांबलोय. तुझं उत्तर आल्याशिवाय पुढे हात लावत नाही. हे लिहिताना मलाच प्रश्न पडला, की मी तुझी परवानगी मागतोय, की निर्णयाचं ओझं तुझ्याकडे टपालाने पाठवतोय? दोन्ही असेल.

तो एक बोल्टही गंजून घट्ट बसला होता. मी झटत होतो आणि बाबा मडगार्डला टेकून बघत होते. मध्येच म्हणाले, "थकलास का रे?" मी म्हणालो, "छे." त्यांचं खुब्याचं हाड मोडल्यावर मी इथे राहायला आलो, त्याला दोन वर्षं झाली. हे विचारलं त्यांनी आज पहिल्यांदा.

बाकी ठीक.
लॉरेन


लरेडो, टेक्सास
१७ ऑगस्ट

लॉरेन,

'प्रिय' नंतर लिहीन, राग उतरल्यावर.

तू तिला 'एसीची पेटी' म्हणतोस. ती आईच्या हवेची पेटी आहे. ऑगस्टात शेताच्या बांधावरच्या रानगवताचा फुलोरा उडायला लागला की आईचे डोळे सुजायचे, छातीतून शिट्टी वाजायची, आणि बाबा अंगणातच गाडी सुरू करून तिला आत बसवायचे. काचा वर, एसी चालू. सगळ्या गावात एसीची गाडी घेतलेला हा एकटा शेतकरी. लोक हसले तरी पेट्रोल जाळत गाडी जागच्या जागी घुरघुरत ठेवायचा. ती आत बसून वाटाणे सोलायची. आपण शेजारच्या सीटसाठी मारामाऱ्या करायचो. रुबेनबद्दल मी तिला पहिल्यांदा सांगितलं ते तिथेच, काचा वर करून, बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून.

आता ती पेटी उपटून भंगारात टाकायची? खबरदार. काढलीच तर ठेवून दे.

आणि खरं बोल. हे बाबांनी ठरवलं की तू? हीटरवाली गाडी घेऊन लरेडोत यायचं म्हणजे तव्यावर रजई पांघरून बसायचं. इथे दुपारी उभ्या गाडीची कडी हाताला धरवत नाही. तुला त्यांना पाठवायचंच नसेल तर तसं लिही. उगाच हीटरच्या आड लपू नकोस.

मी त्यांना दोनदा विचारलं. एकदा जूनमध्ये, एकदा चार जुलैला. दोन्ही वेळा 'नको' म्हणाले. रुबेनने पडवीला भिंती घालून त्यांच्यासाठी खोली केली होती, तिच्यात आता सासूबाईंनी शिवणयंत्र मांडलंय. आणखी काय करू? पाय धरू?

मार्लिस


टॉर्व्हिक
२४ ऑगस्ट

मार्लिस,

'प्रिय' मीही राखून ठेवतो.

तुझं पत्र येण्याआधीच पेटी निघाली. मी ऑफिसातून आलो तर बाबांनी काठी बंपरला अडकवून एकट्याने तीन बोल्ट सोडवून ठेवले होते. ज्या माणसाला टबातून उठायला माझा खांदा लागतो तो एवढा वेळ वाकून उभा राहिला! मग मी उरलेले काढले. दुसरा उपाय नव्हता, असं लिहिणार होतो. उपाय होता. मी 'थांबा' म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

पेटी उघडली तर आत उंदरांचं घरटं. हीटरची ऊब अडत होती ती तिथे. मार्लिस, ते सगळं घरटं गुलाबी कागदी रुमालांचं होतं. आई ऑगस्टभर नाक पुसायची, आणि दाराच्या खणात, सीटखाली, सापडेल तिथे कोंबून ठेवायची ते. उंदरांनी कुरतडून अगदी मऊ केले होते. मी झाडू आणायला वळलो तर बाबा म्हणाले, "राहू दे." डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात ते सगळं भरलं आणि घरात घेऊन गेले. कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही. पेटी धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी ठरवलेलं नाही. पण मला वाटतं, हे तू नकळत ठरवलंस.

टेक्सासात राहून तू आपली रीत विसरलीस का? ओल्गा मावशी आठव. कुणी केक पुढे केला की पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'नको हो, कशाला तुम्हाला त्रास', आणि तिसऱ्यांदा 'बरं, एवढासाच'. एकदा पाळकांच्या बायकोने दोनदाच विचारून ताट उचललं, तर मावशी घरी येऊन रडली, 'त्यांना मला द्यायचाच नव्हता' म्हणून. इथे पहिल्या दोन 'नको'ला कुणी उत्तर समजत नाही. ते नुसतं दार लोटून ठेवणं असतं. तू दोनदा विचारलंस, दोन 'नको' ऐकलेस आणि 'बरं, तुमची मर्जी' म्हणून फोन ठेवलास. त्यानंतर कितीतरी दिवस फोन वाजला की बाबा माझ्याआधी उठायचे, काठी न घेता. मग उठायचे बंद झाले. मग म्हणाले, पेटी काढ.

म्हणून तिसऱ्यांदा विचार. लवकर विचार.

हे माझ्या सोयीसाठी नाही. मी थकलेलो नाही. इतकंच आहे की नोव्हेंबरपासून पहाटे बर्फ उपसायचा, त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, चाळीस मैल गाडी हाकत ऑफिस गाठायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे बघताना मनात एकच, ते पडले तर नसतील? वाचून पाहिलं तर तक्रारीसारखं वाटतंय. तक्रार नाही. खोडावं म्हटलं, पण खोडलं तर तेही खोटंच.

नवा हीटर बसवतोय. पेटी मोठी होती, तिच्या जागी पत्र्यात खिडकीएवढं भोक राहिलंय आणि हीटर त्याच्या निम्मा. बाबांनी कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून मापाचा नमुना करून दिला, त्यावरून पत्र्याचं झाकण कापलं. काल डॅशबोर्डखाली पाठीवर पडून केबल जोडत होतो, पाय दाराबाहेर. बाबांनी काठीने बुटाला टोकलं. "थकलास का?" मी म्हणालो, "नाही हो, हात बधिर झालाय नुसता." "बरं," म्हणाले आणि गेले.

लॉरेन


लरेडो
२ सप्टेंबर

प्रिय लॉरेन,

घे, परत दिलं.

तुझं पत्र रुबेनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्ही लोक जगलात कसे? आमच्यात पहिल्यांदाच 'हो' म्हणतात आणि दुसऱ्यांदा भांडं पुढे करतात."

मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन बसले. मी ती रीत विसरले नव्हते रे. विसरले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या दुसऱ्या 'नको'वर मला आतून जरा सुटल्यासारखं वाटलं होतं. दिवसभर शाळेत पोरांचे ताप मोजायचे, घरी सासूबाईंचे सुजलेले पाय, त्यात आणखी एक काठी. तिसऱ्यांदा विचारलं तर 'हो' येईल हे मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.

आजच बाबांना वेगळं पत्र टाकलंय. मनापासून विचारलंय. खोली रिकामी केली, शिवणयंत्र बैठकीत आणलं, सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. ती शांतताही वाईट नाही. गाडीत एसी नसला तर पहाटे निघा, दुपारी कुठेतरी थांबा. कसंही करून आण त्यांना.

तुझी,
मार्लिस


टॉर्व्हिक
१२ सप्टेंबर

मार्लिस,

पाऊस बेताचा झाला. जमीन ज्याला कसायला दिली त्याचं बीट चांगलं पोसलंय. तुझ्या बापापेक्षा चांगलं पिकवतो. त्याला सांगितलं नाही.

तुझं पत्र पोचलं. तू तिसऱ्यांदा विचारलंस. आता मला खरं उत्तर देता येतं. नको.

रागावू नकोस. दोनदा विचारून थांबली असतीस तर मी 'नको' म्हणूनही ते माझं 'नको' राहिलं नसतं. तू तोंडदेखलं विचारलंस असं मरेपर्यंत वाटत राहिलं असतं. आता वाटणार नाही. माझं बोलावणं खिशात आहे. ते पुष्कळ झालं. यायला कशाला हवं?

मला इथली थंडी सोसते, तिथलं ऊन सोसणार नाही. तुझी आई इथे आहे. सकाळी धान्याच्या गोदामावर कॉफीला चार जण जमतात. पूर्वी नऊ जमायचे. एक आणखी कमी झाला तर पत्त्यांचा डाव मांडता येत नाही.

एसीच्या पेटीबद्दल तू लॉरेनवर चिडलीस असं दिसतं. चिडू नकोस. ती तुझ्या आईसाठी घेतली होती. मला ती हवा कधीच मानवली नाही, गुडघे ठणकायचे. ती होती तोवर बोललो नाही. ती गेल्यावर आठ वर्षं तशीच ठेवली. तेवढं पुरे. आता मला हिवाळ्यात काच साफ दिसायला हवी.

लॉरेनने हीटरचं काम बरं केलंय. त्याला सांगू नकोस.

त्याच्यासाठी मी वसंतापासून एक बेत करून ठेवलाय. पण त्याला दोनदा विचारलं थकलास का, तर नाही म्हणतो. हा आईवर गेलाय. अजून एकदा विचारीन. आधी हीटर चालू होऊ दे.

खोलीसाठी रुबेनचे आभार मान. शिवणयंत्र परत ठेव.

तुझे बाबा
एइनार हॉगलंड


लरेडो
१९ सप्टेंबर

प्रिय लॉरेन,

बाबांचं 'नको' आलं. तिसरं. तेव्हा ते खरं.

टपालपेटीपाशीच उभी राहून रडले. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि बाहेर येऊन पंधरवड्यात पहिल्यांदा बोलल्या, "उन्हात उभी राहू नकोस." मग आम्ही दोघींनी मिळून शिवणयंत्र जागेवर नेलं.

तुझ्या पायाखालचा आधार गेला हे मला कळतंय. तू ऑक्टोबरवर डोळे लावून होतास. तू लिहिलं नाहीस तरी दर ओळीच्या मागे ते होतं. 'मी थकलेलो नाही' हे वाक्य इतक्या थकलेल्या अक्षरात मी आजवर पाहिलं नव्हतं.

मी तुला काही सांगणार नाही. सांगितलं तर बाबांना कळेल. एकच मागते. यापुढे त्यांनी तुला काही विचारलं तर लगेच तोंडाला येईल ते उत्तर देऊ नकोस. एक श्वास घे, मग बोल.

आणि पेटी कोठारातच राहू दे. पुढच्या उन्हाळ्यात येईन तेव्हा एकदा बघेन. मग तिचं काय करायचं ते कर.

मार्लिस


टॉर्व्हिक
२९ सप्टेंबर

प्रिय मार्लिस,

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तुला वाईट वाटतंय म्हणून कोड्यात बोलतेस. थोडा रागही आला. 'एक श्वास घे' म्हणे. इथे श्वास घ्यायला सवड कुणाला आहे? हे मनात आलं होतं, म्हणून लिहितो.

काल पहिलं दव गोठलं. सकाळी शेतं पांढरी आणि गाडीच्या काचेवर दोन्ही अंगांनी बर्फ. बाबा कोट घालून दारात उभे. "चल, तुझा हीटर बघू."

तेच चालवायला बसले. मी शेजारी, आईच्या जागेवर. एसीच्या हवेसाठी डॅशबोर्डवर गोल जाळ्या होत्या त्या मी काढल्या नाहीत. आता त्यांच्यामागे काहीच नाही. माझ्यासमोरची जाळी आईने जशी तोंडाकडे वळवून ठेवली होती तशीच आहे. सवयीने मी तोंड पुढे केलं. हवा आली नाही.

बाबांनी हीटरची कळ सरकवली. आधी जळक्या धुळीचा वास, मग थोडा कोंडा उडाला, मग पायांना ऊब. काचेवर खालच्या कडेला हाताएवढी जागा वितळली, मग दोन हातांएवढी, मग गोदामाचा मनोरा दिसायला लागला. बाबांनी टोपी मागे सरकवली. त्यांच्यापुरती ती शाबासकीच असावी.

चर्चच्या वळणाआधी, रस्त्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "थकलास का?"

मी तोंड उघडलं ते 'छे' म्हणायलाच. तुझं पत्र आठवलं आणि श्वास घेतला, तुझ्यावर चिडतच. तेवढ्यात मागचं आठवलं. गॅरेजात एकदा. डॅशबोर्डखाली एकदा. तुला मी रीत शिकवत बसलो होतो, मार्लिस. ओल्गा मावशीचा केक, दार लोटून ठेवणं, सगळं. आणि हा माणूस दीड महिना माझ्यापुढे ताट धरून उभा होता.

"हो," मी म्हणालो. "फार थकलोय, बाबा."

बिटाचा भाव ऐकल्यासारखी त्यांनी मान हलवली. वळणाचा दिवा लावला आणि गाडी चर्चमागच्या वृद्धांच्या घराकडे वळवली. दारातल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, एइनार! हाच का तुमचा लॉरेन? विचारून झालं वाटतं?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

त्यांनी कॉफी दिली, दालचिनीचा केक पुढे केला. बाबा 'नको' म्हणाले, मग 'नको हो, कशाला' म्हणाले, मग मोठा तुकडा घेतला. बाईंनी खोली दाखवली. खाटेशेजारी आधाराचा दांडा, न्हाणीघरात बसायचं स्टूल. खिडकीखाली गाडी लावायची जागा, आणि तिथल्या खांबावर थंडीत इंजिन गरम ठेवायला विजेचं सॉकेट. ते बाबांनी मला दोनदा दाखवलं. त्यांनी वसंतातच नाव घालून ठेवलं होतं. नोव्हेंबरात खोली मिळेल. तिथून गोदाम जवळ आहे, कॉफीला रोज स्वतः गाडी काढून जाणार. रविवारी माझ्याकडे जेवायला. "फक्त काच साफ दिसायला हवी होती," म्हणाले.

उशीवर काहीतरी गुलाबी दिसलं. अभ्र्याच्या आत, शिवणीपाशी. घरून उशी त्यांनी आधीच आणून ठेवली होती. मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

घरी परतताना मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढंच जाणवलं की पाय उबदार आहेत, पाठ दुखतेय आणि ती बऱ्याच दिवसांपासून दुखतेय. त्यांना कुणी घरातून काढत नाहीये, ते आपल्या पायाने जातायत, हे मी मनात पुन्हा पुन्हा घोकत होतो. अजून घोकतोय. मी 'नाही' म्हणालो असतो तर ते राहिले असते का? राहिले असते, असं वाटतं. म्हणून हे माझ्या 'हो'मुळेच झालं आणि ते मला पत्करायला हवं.

अंगणात गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही त्यांनी. काचा वर, हीटर चालू. दोघंही उतरलो नाही.

शेवटी मीच म्हणालो, "तुम्हाला दिसत होतं ना सगळं? मग वसंतापासून थांबलात कशाला? सांगून टाकायचं."

बाबांनी कळ थोडी मागे घेतली. पंख्याचा आवाज कमी झाला.

"सांगणार कसं?" म्हणाले. "दोनदाच विचारलं होतं."

तुझा,
लॉरेन